बैल कोणाचा, गुराखी कोण? कोंडवाड्यापासून पार्किंगच्या पावतीपर्यंत

१/
#थ्रेड
सुट्टीच्या दिवशी बोर्डी-घोलवडच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत उभ्या असलेल्या गाड्यांच्या पाट्या वाचत गेले, तर या भागाचा राजकीय भूगोल समोर उभा राहतो. एमएच-४८ वसईची, जीजे-१५ वलसाडची, डीएन-०९ दादरा व नगर हवेलीची. तीन प्रशासनांची वाहने एकाच किनाऱ्यावर विसावतात. यांतील प्रत्येक पाटीवरून गाडी कोणाच्या नावावर आहे याचा शोध लागतो. ती कोणी आणून उभी केली, हे मात्र कोणतीही पाटी सांगत नाही.

२/
याच उणिवेतून एक वाद जन्म घेतो. गाडी खासगी जागेत उभी राहिली, शुल्क थकले किंवा ठरलेली वेळ उलटली, आणि चालक निघून गेला. जागेचा ठेकेदार आता पैसे कोणाकडे मागणार? गाडी ज्याच्या नावावर त्याच्याकडे, की ती चालवणाऱ्याकडे? इंग्लंडात या प्रश्नावर संसदेला कायदा करावा लागला. भारतात त्याचे उत्तर बहुतेकदा फाटकाजवळच्या हुज्जतीतच ठरते.

३/
प्रश्न वाटतो तितका नवा नाही. डहाणू-तलासरीच्या गावांना तो मोटारीच्या आधीपासून परिचित होता. तेव्हा दुसऱ्याच्या जागेत शिरत असे बैल; आणि त्याला अडकवून ठेवण्याच्या जागेला नाव होते कोंडवाडा. पार्किंगच्या वादाचा इतिहास तेथून सुरू केला, तर आजची गुंतागुंत अधिक स्पष्ट दिसते.

४/
१८७१ साली ब्रिटिश भारतात गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला. त्यापूर्वी १८५७ चा याच विषयावरचा कायदा होता; १८७१ च्या पहिल्या क्रमांकाच्या कायद्याने त्याची जागा घेतली. शेतात शिरून नुकसान करणारे जनावर शेतकऱ्याने पकडावे, २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावे, आणि मालकाने ठरलेला दंड व चाऱ्यापाण्याचा खर्च भरून ते सोडवावे, अशी ही व्यवस्था होती.

५/
जनावर पकडण्याचा अधिकार कोणाला, हे कलम १० सांगते. जमीन कसणारा किंवा ती ताब्यात असणारा तर त्यात आहेच. परंतु पिकासाठी रोख उचल देणारा, तसेच पीक विकत किंवा गहाण घेणारा यांनाही तोच अधिकार दिलेला आहे. म्हणजे शेतात पाऊल न ठेवलेला सावकारही त्या शेतात शिरलेला बैल धरून नेऊ शकत होता.

६/
डहाणू आणि तेव्हाच्या उंबरगाव तालुक्याच्या संदर्भात या तरतुदीचा अर्थ गंभीर होतो. आजचा तलासरी तालुका हा त्या उंबरगावचाच भाग. १९६० च्या राज्यविभाजनात उंबरगाव गुजरातकडे गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. येथील बहुसंख्य वारली शेतकरी जमीनदार-सावकारांच्या कर्जात आणि वेठीत अडकलेले होते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात या स्थितीची नोंद आहे.

७/
त्यातच या पट्ट्यात गवत हेदेखील पीक होते. ठाणे जिल्ह्यातील गवत मुंबईच्या तबेल्यांसाठी जात असे. गवताचे मोल किती, याची साक्ष १९४५ च्या वारल्यांच्या लढ्यात मिळते. मे १९४५ मध्ये झरी येथे मोठी सभा झाली. पुढे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील किसान सभेने ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरीची मागणी केली, आणि तिच्यासाठी संप झाला.

८/
ज्या भूमीत गवताची बाजारपेठ आहे, तेथे चरणारे जनावर हे केवळ चुकलेले जनावर राहत नाही. ते दुसऱ्याचा माल खाणारे ठरते. सरकारी राखीव जंगलांतही हाच न्याय होता. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचे कलम ७० राखीव जंगलात शिरलेल्या गुरांना गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याखालीच आणते. एका बाजूला जमीनदाराचे कुरण, दुसऱ्या बाजूला सरकारचे जंगल, आणि मधल्या वाटेने चरायला निघालेली गावाची गुरे, असे हे चित्र होते.

९/
आता मूळ प्रश्न. गुरे मालक स्वतः चारत नसे. चारणारा असे गुराखी. गुराख्याचा डोळा लागला आणि बैल कुरणात शिरला, तर चूक गुराख्याची आणि भुर्दंड मालकाचा. कोंडवाडेवाला गुराख्याचे नाव विचारत नसे. त्याच्या ताब्यात बैल होता, आणि बैल हवा असेल तो पैसे घेऊन येणारच, हे त्याला ठाऊक होते. जबाबदारी कोणाची याची चौकशी करण्याची गरजच त्या व्यवस्थेने संपवून टाकली होती.

१०/
कायद्याचे कलम २५ तर ही गोष्ट शब्दांत मांडते. गुरे मुद्दाम दुसऱ्याच्या जमिनीत घालून नासधूस केल्याबद्दल झालेला दंड त्याच गुरांची विक्री करून वसूल करता येतो; ती गुरे शिक्षा झालेल्या माणसाच्या मालकीची असोत, वा केवळ त्याच्या ताब्यात असोत. गुन्हा सिद्ध होतो गुराख्यावर, आणि विकला जातो मालकाचा बैल. ‘चालक की मालक?’ या आजच्या वादाचे याहून नेमके पूर्वरूप सापडणे कठीण.

११/
तरीही हा कायदा एकतर्फी नव्हता, आणि हीच बाब पुढील इतिहासासाठी महत्त्वाची आहे. कलम १५ नुसार, धरपकड बेकायदा आहे असे मालकाचे म्हणणे असेल, तर दंडाची रक्कम अनामत ठेवून तो जनावर लगेच सोडवून नेऊ शकत असे. कलम २० नुसार दहा दिवसांत दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येई. तक्रार खरी ठरली, तर कलम २२ नुसार भरलेली रक्कम परत मिळे आणि वर १०० रुपयांपर्यंत भरपाई.

१२/
आणखी एक बंधन होते. सात दिवसांत कोणी आले नाही, तर जनावराचा लिलाव लगेच होत नसे. पोलिसांना कळवायचे, नोटीस लावायची, गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी पिटायची, आणि त्यानंतरही सात दिवस थांबायचे. त्या लिलावात कोंडवाड्याचा रखवालदार किंवा पोलीस अधिकारी यांना बोली लावण्यास मनाई होती. जो अडकवतो, त्याला अडकवण्यातून नफा मिळू नये, एवढी समज १८७१ च्या कायद्यात होती.

१३/
ही संरक्षणे निरक्षर आणि कर्जबाजारी शेतकऱ्याच्या हाती किती पडत असतील, हा प्रश्न उरतोच. अनामत ठेवायलाही रोख पैसे लागतात. दंडाधिकाऱ्यापर्यंत जायला दिवस मोडावा लागतो. आणि पेरणीच्या तोंडावर बैल हातात नसेल तर भांडणापेक्षा दंड भरणे स्वस्त पडते. जबरदस्तीने गुरे सोडवून नेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होता. तथापि हक्क निदान कागदावर होता. पुढील काळात तोही कसा विरळ झाला, ते पाहण्यासारखे आहे.

१४/
मोटार आली आणि प्रश्नाचे रूप पालटले. बैल पकडून ठेवता येतो. मोटार पळून जाते. म्हणून सरकारांनी तिच्यावर क्रमांक लावला. पॅरिसमध्ये १८९३ साली, ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्यान्वये. मुंबई प्रांताने १९०४ मध्ये मोटारींसाठी स्वतंत्र कायदा केला, आणि १९१४ मध्ये संपूर्ण ब्रिटिश भारतासाठी मोटार वाहन कायदा आला. पुढे १९३९ चा, आणि आज लागू असलेला १९८८ चा.

१५/
क्रमांकामुळे मालक सापडू लागला, पण गुन्हा तर चालकाने केलेला. ही दरी सांधण्यासाठी कायद्याने मालकाला दोषी ठरवले नाही. त्याच्यावर माहिती देण्याचे कर्तव्य टाकले. १९३९ च्या कायद्यातील कलम ८८ आणि १९८८ च्या कायद्यातील कलम १३३ ही त्याची रूपे. अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने विचारल्यास, त्या वेळी गाडी कोण चालवत होता हे मालकाने सांगितले पाहिजे. दोष चालकाचा, कर्तव्य मालकाचे, अशी ही विभागणी.

१६/
काही ठिकाणी मात्र भार सरळ मालकावर येतो. मनाई असलेल्या सार्वजनिक जागी उभी केलेली गाडी उचलून नेण्याचा किंवा तिच्या चाकाला कुलूप घालण्याचा आदेश गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो; कलम १२७ नुसार उचलण्याचा खर्च मालकाचा. हा जवळजवळ कोंडवाड्याचाच न्याय आहे : गाडी हवी तर पैसे आणा. २०१९ च्या दुरुस्तीत आलेले कलम १९९अ तर अल्पवयीन चालकाच्या गुन्ह्यासाठी पालक किंवा मालकालाच दोषी मानते.

१७/
‘मालक’ म्हणजे कोण, याचेही उत्तर कायद्याने कागदावर बांधले आहे. ज्याच्या नावावर नोंदणी, तो मालक. कर्जावर किंवा भाडेखरेदीवर घेतलेल्या गाडीच्या बाबतीत, जिच्या ताब्यात गाडी ती व्यक्ती. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी स्पष्ट केले की गाडी एकापाठोपाठ एक अनेक हातांत गेली, तरी नोंदणी बदललेली नसेल तर अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीतील मूळ नावच जबाबदार राहते.

१८/
सीमेवरच्या तालुक्यांत या निकालाचे वजन अधिक. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे. राज्याबाहेर विकली तर मुदत ४५ दिवस आणि सोबत ना-हरकत प्रमाणपत्राची वाट. तलासरीची गाडी उमरगाव किंवा सिल्वासाला विकली जाणे हा अंतराच्या दृष्टीने शेजारचाच व्यवहार, पण कागदाच्या दृष्टीने परराज्याचा. कागद अर्धवट राहिला की गाडी एकाकडे आणि जबाबदारी दुसऱ्याकडे.

१९/
आतापर्यंतचे सारे कायदे सरकार आणि नागरिक यांच्यातील. खासगी जागेचे काय? येथे इंग्लंडचा अनुभव उपयोगी पडतो, कारण तिथला वाद थेट गुरांच्या कायद्यापर्यंत मागे गेला. १९९० च्या दशकात खासगी वाहनतळांवर चाकाला कुलूप लावून पैसे उकळण्याचा धंदा फोफावला होता. ट्रुरो शहरातील अशाच एका प्रकरणात, आर्थर विरुद्ध अँकर या खटल्यात, कुलूप लावणाऱ्यांनी एक विलक्षण बचाव मांडला.

२०/
त्यांचे म्हणणे असे : नुकसान करणारी गुरे धरून ठेवण्याचा जमीनधारकाचा अधिकार मध्ययुगापासून मान्य आहे, परवानगीविना उभी असलेली मोटार हे त्या गुरांचेच आधुनिक रूप. गुरांपुरता तो जुना अधिकार इंग्लंडने १९७१ सालीच रद्द करून त्याजागी नवी व्यवस्था आणली होती, भारतीय कायद्यानंतर बरोबर १०० वर्षांनी. १९९५ मध्ये अपील न्यायालयाने बहुमताने हा युक्तिवाद नाकारला, कारण प्रत्यक्ष नुकसान झालेले नव्हते. मात्र फलक वाचून गाडी लावणाऱ्याने परिणामांना संमती दिली, या वेगळ्या आधारावर कुलूप वैध ठरले.

२१/
स्कॉटलंडमध्ये उलट घडले. तेथील सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने १९९२ मध्येच खासगी जागेतील कुलुपाला खंडणी आणि चोरी म्हटले होते. शेवटी २०१२ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्येही खासगी कुलूप गुन्हा ठरले. पण ठेकेदारांना त्या बदल्यात काही मिळाले : चालक कोण हे कळत नसेल, तर थकलेले शुल्क नोंदणीत नाव असलेल्या वाहनधारकाकडून मागण्याचा हक्क. ही तरतूद १ ऑक्टोबर २०१२ पासून लागू झाली.

२२/
हा सौदा अटींवर झाला होता. नोटीस ठराविक दिवसांतच पोचली पाहिजे; गाडीवर चिठ्ठी न लावता थेट टपालाने पाठवायची असेल तर १४ दिवसांत. तिच्यात ठराविक मजकूर हवा. वाहनधारकाने चालकाचे नाव-पत्ता वेळेत कळवला, तर त्याची सुटका. अटी पाळल्या नाहीत तर हक्क गेला. स्वतःचे विशेष नियम असलेल्या जागा, उदाहरणार्थ उपविधी लागू असलेल्या रेल्वेच्या जमिनी, यातून वगळल्या. इंग्लंडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दारात पडणारी ‘पार्किंग चार्ज’ची पत्रे याच तरतुदीची लेकरे. पत्र येते घरातील ज्याच्या नावावर गाडी त्याला. गाडी नेलेली असते दुसऱ्याच कोणीतरी.

२३/
शुल्क किती असावे हा वादही तेथे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. चेल्म्सफर्डच्या एका खरेदी-संकुलात दोन तास मोफत असलेल्या वाहनतळावर ५६ मिनिटे अधिक थांबल्याबद्दल ८५ पौंडांची मागणी झाली. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी न्यायालयाने ती वैध ठरवली. जागा खेळती ठेवण्यात जमीनमालकाचे न्याय्य हित आहे, असे कारण दिले. म्हणजे इंग्लंडात ठेकेदार जिंकतोही, पण लिहिलेल्या नियमांच्या चौकटीत जिंकतो.

२४/
भारतात अशी चौकट नाही. कलम १३३ चा वापर पोलीस अधिकारी करू शकतो, पार्किंगचा ठेकेदार नाही. कलम १२७ चे कुलूप गणवेशातील अधिकाऱ्याच्या आदेशाने लागते. त्यात खासगी रखवालदाराचा उल्लेख नाही. ठेकेदाराच्या हाती उरतो तो १८७२ चा करार कायदा. फाटकावर दर वाचून ज्याने गाडी आत घातली, त्याने करार केला. आणि तो सामान्यतः चालक असतो.

२५/
यालाही अपवाद आहे. चालक पगारी असेल आणि मालकाच्या कामासाठीच गाडी घेऊन गेला असेल, तर तो मालकाचा प्रतिनिधी ठरू शकतो, आणि प्रतिनिधीने अधिकारात राहून केलेला करार मालकाला बांधतो. मात्र मित्राने मागून नेलेली, भाड्याने दिलेली, किंवा विकूनही नोंद न बदललेली गाडी यांना हा तर्क लागू पडणे अवघड. केवळ पाटीवर नाव आहे म्हणून करार आपोआप मालकाच्या गळ्यात पडत नाही.

२६/
‘पावती हरवल्यास अमुक दंड’ या सर्वपरिचित फलकाचेही मोजमाप याच कायद्यात आहे. कलम ७४ म्हणते : करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. इंग्लंडात ८५ पौंड टिकले म्हणून भारतात फलकावरचा प्रत्येक आकडा टिकेल असे नाही.

२७/
शुल्क घेण्याचाच अधिकार आहे का, हा प्रश्न सीमेपलीकडे उपस्थित झाला. २०१९ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मॉल व चित्रपटगृहांनी ग्राहकांकडून पार्किंगचे पैसे घेण्यास नकार दिला. वाहनतळाची सोय करणे ही बांधकाम परवानगीसोबत आलेली जबाबदारी आहे, असा त्यामागील विचार. त्या वर्षी घोलवडहून वापीला खरेदीला निघालेली गाडी राज्याची सीमा ओलांडताच पार्किंगच्या वेगळ्या कायद्यात शिरत होती.

२८/
जबाबदारीची दुसरी बाजूही आहे : ठेकेदार मालकाला काय देणे लागतो? दिल्लीच्या ताज महाल हॉटेलमधून १ ऑगस्ट १९९८ रोजी एक मोटार चोरीस गेली. किल्ली हॉटेलच्या कर्मचाऱ्याकडे दिलेली होती, आणि पावतीवर ‘वाहन मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की गाडी ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा छापील ओळीने झटकता येत नाही. २१ वर्षांनी मालकाच्या बाजूचा हिशेब पूर्ण झाला.

२९/
आता घोलवडकडे परतू. गाडी उभी करण्याचे पैसे घेणे हे या गावांना परके नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने पंचायतींना बैलगाड्यांच्या व टांग्यांच्या तळांवर फी बसवण्याचा अधिकार दिला; कोंडवाड्याचा कारभारही त्याच कायद्यात पंचायतींच्या नियमांत बांधला. गाडीतळ आणि कोंडवाडा, म्हणजे शुल्क आणि जप्ती, एकाच पुस्तकात. दोन्हींवर सार्वजनिक संस्थेचा अंकुश होता, आणि तक्रार कोठे करायची हे गावाला ठाऊक होते.

३०/
समजा, तलासरीतील एका कुटुंबाने कर्ज काढून जीप घेतली. नोंद वडिलांच्या नावावर, चालवतो पगारी चालक. तो प्रवासी घेऊन शहरातील एका खासगी आवारात थांबतो, पावती हरवते, फाटक उघडत नाही. चालकाच्या खिशात दंडाइतके पैसे नाहीत. फोन लागतो वडिलांना. कायद्याने पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न त्या क्षणी कोणीच विचारत नाही. गाडी अडली की दिवसाची कमाई अडते, आणि हप्ता थांबत नाही. पेरणीच्या तोंडावर बैल अडकलेल्या आजोबांचीही हीच कोंडी होती.

३१/
फरक एकच. आजोबांना कलम १५ होते : अनामत ठेवा, बैल न्या, दहा दिवसांत दाद मागा. नातवाच्या फाटकावर असे कोणतेही कलम नाही. तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो, दिवाणी दावा लावू शकतो, बेकायदा अडवणुकीची पोलिसांत तक्रार करू शकतो. पण हे सारे गाडी सुटल्यानंतरचे मार्ग. फाटकापाशी वाद जिवंत ठेवून गाडी सोडवण्याची सोय त्याच्यासाठी कोणी लिहिलेली नाही.

३२/
दरम्यान यंत्राने या प्रश्नाचे उत्तर परस्पर देऊन टाकले आहे. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. डहाणू तालुक्यातील चारोटी नाक्यावरून जाणारा प्रत्येक जण तो जाणतो. त्याच फास्टॅगने आता काही विमानतळांवर आणि मॉलमध्ये पार्किंगचे पैसेही कापले जातात. फास्टॅग गाडीला चिकटलेला, खाते बहुधा मालकाचे. चालक कोण, करार कोणी केला, रक्कम वाजवी आहे का, यांपैकी काहीही न विचारता पैसे जातात.

३३/
सोय मोठी आहे यात शंका नाही. फाटकावरची हुज्जत संपते. परंतु इंग्लंडात जबाबदारी चालकाकडून वाहनधारकाकडे नेण्यासाठी संसदेत चर्चा झाली, मुदती ठरल्या, बदल्यात कुलुपावर बंदी आली. भारतात तोच प्रवास एका चिकटपट्टीने, चर्चेविना पूर्ण होत आहे.

३४/
दीडशे वर्षांचा हा पट एकत्र पाहिला, की एक सूत्र हाती लागते. माणूस सापडत नाही म्हणून कायदा वस्तूला धरतो, आणि वस्तूमागून मालकाला. ही तडजोड टाळता येणारी नाही. पण जेव्हा जेव्हा ती विचारपूर्वक केली गेली, तेव्हा मालकाला काहीतरी परत दिले गेले : अनामत ठेवून दाद मागण्याची वाट, चालकाचे नाव सांगून सुटण्याची मुभा, नोटिशीची मुदत. वसाहतीच्या राजवटीनेही बैलाच्या मालकाला एवढे दिले होते. मोटारीच्या मालकाला ते मिळावे, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

(थ्रेड समाप्त)